ओत्सुने आजींची माळ

कजिवारा गुरुजी तोक्योहून बालवीर चळवळ घेऊन आले, तेव्हा आमच्या गावात सत्कृत्यांची टंचाई होती असं नाही. पण ती रोज करावीत आणि संध्याकाळी शाळेत सांगावीत, हे कोणाला सुचलं नव्हतं. जिल्हाभर गुरुजींचं कौतुक झालं. मुलांनी सोयीचं घर शोधलं. शाळेला लागून, आत म्हातारी एकटी: ओत्सुने आजी.

एकाने पाणी भरलं, दुसऱ्याने लाकडं फोडली, तिसऱ्याने ती रचली, चौथ्याने पाडून पुन्हा रचली. आमच्याकडे उपकार फुकट घेत नाहीत. आजी प्रत्येकाच्या हातावर एकेक सुकवलेलं पर्सिमनचं फळ ठेवत गेल्या. मुलांचा सेवाभाव झपाट्याने वाढला.

गुरुजींना हे कळलं बायकोकडून. "अहो, आजींच्या वळचणीला सुकवलेल्या पर्सिमनची एकच माळ उरलीय. बाकीच्या तुमच्या वीरांनी फस्त केल्या. नववर्षाला लेकीला काय पाठवतील त्या? दुसरं आहे काय त्यांच्याकडे?"

गुरुजींना जेवण गेलं नाही. माफी मागायला निघाले. आता माफी काय रिकाम्या हाताने मागायची? मिठाईचा मोठा डबा घेतला.

"आजी, चूक माझी आहे. पोरं आता येणार नाहीत."

"का? फळं तुरट निघाली?"

"नाही हो! गोडच होती म्हणे..."

"मग बसा." आजी डबा कपाळाला लावून आत गेल्या आणि शेवटची माळ घेऊन बाहेर आल्या.

"अहो, ही लेकीची..."

"गुरुजी, मी गरीब आहे, पण तुमचा डबा नुसता ठेवून घेण्याइतकी नाही."

घरी बायकोने आधी माळेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "छान मागितलीत माफी!"

माळ खुंटीला लटकली. तिला हात लावायचा धीर घरात कोणालाच होईना.

दुसऱ्या सकाळी आजी शाळेच्या पटांगणात झाडू घेऊन हजर. "डबा मोठा होता, माळ लहान. हिवाळाभर अंगण झाडून देते."

गुरुजी धावले. झाडू घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. झाडू घेतला, तर तोही उपकारच! आत बालवीर खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हणत होते. आजी वाकून झाडत झाडत गुरुजींच्या पायांपाशी आल्या.

"जरा सरकता का, गुरुजी?"

गुरुजी सरकले.

आजींनी कमरेत वाकून आभार मानले, आणि सरकणं हाही उपकारच ठरला, हे गुरुजींच्या लक्षात आलं.