हिरवी झेंडी

त्याला घरात कुणी नावानं हाक मारत नसे. थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याला ‘चालेल’ म्हणायची, आणि तिचं ऐकून तिची पोरंही ‘चालेलमामा’ म्हणायला लागली होती. कारण उघड होतं. भाजी आळणी झाली, चालेल. साहेब म्हणाला सुट्टीच्या दिवशी ये, चालेल. घरभाडं वाढलं, चालेल. तो शब्द त्याच्या तोंडून ढेकरासारखा आपोआप बाहेर पडायचा, आणि पडून गेल्यावर आपण कशाला हो म्हटलं याचा विचार तो सावकाश करत बसायचा.

बायकोचं नेमकं उलट होतं. तिला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे, पोटात गेला की आतडी पिळून निघायची. हे कळेपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली होती. तोवर ती जेवण झालं की पोट धरून कोपऱ्यात बसायची, वाळत चालली होती, आणि ताई म्हणायची, “भांडी घासायची वेळ आली की बरं दुखतं हिचं!” मग एका डॉक्टरीणबाईंनी रोग शोधला आणि बजावून सांगितलं की कणही नको. ज्या सुरीनं पाव कापला ती सुरीसुद्धा नको. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. बायकोच्या गालांवर आता मांस दिसत होतं, ती काम करताना गुणगुणायची, आणि तिचं गुणगुणणं ऐकून याला घरी यावंसं वाटायचं. ताईचं मत मात्र जागचं हललं नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना सगळं चालतं, मग हिचंच पोट कुठलं एवढं राजघराण्यातलं, असं ती चारचौघांत विचारायची.

तर अशी ही मंडळी, ताई, तिची दोन पोरं आणि हे नवराबायको, एका सुट्टीच्या दिवशी खेळनगरीत आली. उंच पाळणे, घसरगुंड्या, पाण्यात आदळणाऱ्या होड्या, सगळं होतं. दोन्ही घरांनी सारखे पैसे काढले होते आणि ते ताईच्या पर्समध्ये होते. ताईच्या पर्समध्ये गेलेला पैसा बाहेर यायला फार लाजतो.

फाटकावरच पहिली ठेच लागली. बायकोनं सोबत डबा आणला होता, उकडलेले बटाटे आणि भात. पहारेकऱ्यानं तो उघडून पाहिला, आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिंपाकडे बोट केलं.

“बाहेरचं खाणं आत चालत नाही.”

“अहो, मला आतलं चालत नाही,” ती म्हणाली.

“आत सगळ्यांची सोय आहे, बाई. हिरव्या काउंटरवर जा. गहू नको, दूध नको, दाणे नको, जे नको असेल ते सांगायचं. तुमच्या खाण्यावर हिरवी झेंडी टोचून देतात. झेंडी असली की डोळे मिटून खायचं.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मागे रांग कुरकुरत होती. “चालेल,” तो म्हणाला, आणि भात-बटाटे पिंपात गेले.

दुपार होईतो सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. ज्यानं कुणी ही खेळनगरी बांधली त्याला माणसाच्या भुकेची नस बरोबर सापडली होती. पिण्याच्या पाण्याचा नळ शोधून सापडत नव्हता, आणि होडीतून भिजून बाहेर पडलं की नाकाशी थेट तळणीचा वास यायचा. पाण्याच्या बाटलीचा भाव बघून ताईनं दुकानदाराला विचारलं, “यात विहीरपण मिळते का?” बर्गरचा भाव बघून ती गप्प झाली. आणि हिरव्या काउंटरवरचा फलक बघून तिनं पर्सची चेन ओढून घेतली. तिथला बर्गर साध्याच्या तिप्पट होता.

“मी घेऊन येते माझा,” बायको म्हणाली.

“तू बस, पोरांना सांभाळ. दमलीस,” ताई एवढ्या गोडीनं म्हणाली की संशय यायला हवा होता. “चल रे चालेल, ट्रे धरायला.”

ताई हिरव्या काउंटरच्या बाजूला गेलीच नाही. साध्या रांगेतून तिनं सगळ्यांसाठी सारखेच बर्गर घेतले. परत येताना कुणीतरी खाऊन सोडून गेलेल्या टेबलापाशी ती थांबली. उष्ट्या ताटलीत एक हिरवी झेंडी पडली होती, दात कोरायच्या काडीला चिकटवलेला कागदाचा तुकडा. ताईनं ती उचलली, ओढणीला पुसली आणि एका पावात वरून खुपसली.

“ताई, अगं...”

“अरे, बघूया तरी खरंच काही होतं का! तिला सांगितलं तर मुद्दाम पोट धरून बसेल. न सांगता खाल्लं आणि काही झालं नाही, की सगळ्यांचाच जाच संपला. तुझ्याच संसाराचं भलं बघतेय. तोंड उघडू नकोस. चालेल?”

आणि तो शब्द पडला. ढेकरासारखा, आपोआप. “चालेल.”

टेबलापर्यंतची वाट काही लांब नव्हती, पण ट्रे मुद्दाम पाडता आला असता. हे त्याला तेव्हाच सुचलं होतं, हे लक्षात ठेवा. त्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतील की भोळा आहे बिचारा. भोळा वगैरे काही नाही. त्याला सुचलं, त्यानं ट्रे आणखी घट्ट धरला, आणि नीट नेऊन टेबलावर ठेवला.

झेंडी पाहून बायकोचा चेहरा खुलला. तिनं बर्गर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. “अगदी खऱ्यासारखा पाव करतात हो! तिथूनच घेतला ना?”

“हो.”

“चालेल ना मला?”

हे ती नेहमी विचारायची. घरात पाकिटावरची बारीक अक्षरं तोच वाचायचा, कारण तिला चष्मा लावूनही ती दिसत नसत. तो वाचायचा, मग चालेल म्हणायचा, आणि मगच ती घास घ्यायची. त्याच्या त्या शब्दाला जगात एवढी एकच किंमत होती.

“चालेल,” तो म्हणाला.

तिनं भुकेल्या माणसासारखं खाल्लं. वर्षभरानंतर ती सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं, बाहेर बसून खात होती. शेवटचा घास तिनं डोळे मिटून खाल्ला आणि झेंडी पुसून पर्समध्ये ठेवली. “आठवण,” ती लाजून म्हणाली. ताईनं टेबलाखालून भावाचा पाय दाबला.

पोरं मोठ्या पाळण्याच्या रांगेत होती तेव्हा तिला पहिली कळ आली. दुसऱ्या कळेला ती वाकली. मग जे सुरू झालं ते बायकांच्या स्वच्छतागृहात बराच वेळ चाललं, आणि तो बाहेर भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिला. ताई आत गेली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत चक्क कुतूहल होतं.

“अरे, खरंच होतं की तिला!”

बस्स, एवढंच. दूध नासलंय की नाही ते वास घेऊन पाहावं, तसं तिनं पाहून घेतलं होतं.

सफाईवालीनं वरती कळवलं आणि खाद्यविभागाचा व्यवस्थापक धावत आला. गळ्यात पट्टा, हातात फोन, कपाळावर घाम. गर्दीच्या दिवशी असला बोभाटा त्याला परवडणारा नव्हता. त्यानं हिरव्या काउंटरवरच्या मुलीला बोलावून घेतलं. मुलगी लहानखुरी होती, डोक्यावर हिरवी टोपी, हातमोजे अजून हातात.

“मी यांना काहीच दिलं नाही, सर,” ती म्हणाली. “माझ्याकडे येणारे थोडेच असतात. मी प्रत्येकाला दोनदा विचारते, काय चालत नाही म्हणून. यांच्यातलं कुणी आलंच नव्हतं.”

“म्हणजे आम्ही खोटं बोलतो?” ताई कडाडली. “मरणाच्या दारात नेलंत आमच्या घरच्या सुनेला, आणि वर तोंड करून बोलतेस?” घरची सून! तीन वर्षांत तिनं हे नातं पहिल्यांदाच एवढ्या मायेनं उच्चारलं होतं.

“बिल आहे का?” व्यवस्थापकानं विचारलं.

“बिल कोण जपतं? ही झेंडी बघा ना,” बायको म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं पर्समधली आठवण काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

मुलगी झेंडीकडे बघत राहिली, मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ट्रे धरून साध्या रांगेत उभा राहिलेला हा माणूस तिला समोरून दिसला असावा. “दादा,” ती म्हणाली, “तुम्ही सांगा ना. माझ्याकडून घेतलं का तुम्ही?”

सगळे त्याच्याकडे वळले. बायकोनं त्याचा दंड धरला होता, उभं राहायला आधार म्हणून. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर हा हात दंडावर राहिला नसता.

“हिच्याकडूनच घेतलं,” तो म्हणाला.

‘चालेल’ म्हणण्यापलीकडे इतक्या ठामपणे तो आयुष्यात काही बोलला नव्हता.

मुलीनं वाद घातला नाही. व्यवस्थापकानं नुसता हात पुढे केला, तिनं टोपी काढून त्यावर ठेवली, मग हातमोजे काढले. जाताना तिनं एकदा वळून याच्याकडे पाहिलं. त्यानं बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

व्यवस्थापकानं माफी मागितली आणि ताईच्या हातात कूपनांचा गठ्ठा ठेवला, सगळ्या कुटुंबाला हवं ते, हवं तेवढं, फुकट. पोरं नाचायला लागली. मंडळी परत टेबलाशी आली, आणि तेव्हा लक्षात आलं की हिरव्या काउंटरचं शटर खाली ओढलं होतं. तिथं उभं राहणारं आता कुणी नव्हतं. त्या अख्ख्या खेळनगरीत बायकोला खाता येईल असं काहीही उरलं नव्हतं, आणि पोट तर पार रिकामं झालं होतं.

“तुला काही आणू का?” त्यानं विचारलं. आणणार काय होता?

“काही नको.” तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. अंगाला अजून कापरं होतं. “कशी धडधडीत खोटं बोलत होती ना ती मुलगी? क्षणभर मलाच वाटलं, ही खरं बोलतेय. तुम्ही नसता तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. एवढ्या लोकांत तुम्ही माझ्या बाजूनं बोललात हो. पहिल्यांदाच. त्यातच पोट भरलं माझं.”

समोरून ताई येत होती, दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन, खुशीत, पोरं मागे.

“घे रे, फुकटचं आहे. चॉकलेटचाच उरलाय, चालेल ना?”

“चालेल,” तो म्हणाला, आणि खांदा न हलवता त्यानं हात पुढे केला.