अनसाबाईच्या शिव्या

अनसाबाईच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर तिचा दिवसच शिव्यांनी उजाडायचा, आणि त्या सगळ्या एकुलत्या एका पोराच्या, मल्हारच्या वाट्याला यायच्या. "ऊठ की मुडद्या. दिस कासराभर वर आला. मुडदा बशिवला तुझा, कंपनीत हजेरी लावायला काय तुझा बाप बसलाय?" पोरगं हसत उठायचं, चहा ढोसायचं, मोटरसायकलला किक मारून शिरूरच्या बाजूला कामावर जायचं. ते वळणाआड होईस्तोवर हिचा पट्टा चालूच.

लोक म्हणायचे, बाईच्या जिभेला हाड नाही. लोकांना काय माहीत? मल्हारच्या आधीची दोन लेकरं तिच्या मांडीवरच गेली होती. तिसऱ्या खेपेला सासूनं, साळूबाईनं, तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्याला बाळा म्हणू नगं, सोन्या म्हणू नगं. शिव्याच घाल. सटवाईला वाटू दे, आईलाच नकोसा हाय, कशाला न्यायचा. आन् हे कुणापाशी बोलू नगं, पोरापाशी तर न्हाईच."

सासू गेली, पण अनसाबाईनं तिचा शब्द पाळला. लाडानं हाक मारायला जीभ शिवशिवली की ती दुप्पट जोरात 'मुडद्या' म्हणायची. पोरगं वाढलं, त्याला मिशी फुटली, कंपनीत लागलं. शिव्या लागू पडल्या म्हणायच्या.

मग मल्हारनं मोबाईल घेतला. गाणी वाजवणारा, आवाज भरून घेणारा. नवं खेळणं हातात आल्यावर माणसाला कुठला धीर? एका सकाळी त्यानं फोन उशाशी चालू ठेवला आणि आईच्या शिव्या भरून घेतल्या. जेवणाच्या सुट्टीत दोस्ताला, नवनाथला ऐकवल्या. नवनाथ पोट धरून हसला आणि म्हणाला, "मला दे की ब्लूटूथनं." ह्यानं दिल्या. मल्हारच्या मनात पाप नव्हतं हो, आईवर जीव होता त्याचा. पण नवनाथनं चौघांना दिल्या, चौघांनी चाळिसांना. कंपनीतल्या बिहारी पोरांना शब्द कळेनात, तरी हसू आवरेना. शिरूरच्या मोबाईलवाल्यांनी मेमरी कार्डात गाण्यांबरोबर त्या फुकट भरून दिल्या, जीपवाल्यांनी रिंगटोन केली. जी बाई कधी शिरूरच्या पुढं गेली नव्हती, तिचा आवाज पार वरवंड-दौंडला जाऊन पोचला.

तिला कळलं ते आठवड्याच्या बाजारात. मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात फोन वाजला, "ऊठ की मुडद्या..." सगळे हसले. अनसाबाईही हसली. स्वतःचा आवाज कुणाला ओळखू येतो? शेजारी बसणाऱ्या सिंधूबाईला ती म्हणाली, "कोन गं ही बया? लई तोंडाळ दिसती."

सिंधूबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं, तूच की ती. समद्या तालुक्याला म्हाईत हाय."

तेवढ्यात दोन पोरं पुढं आली. "मावशी, आमाला बी एक शिवी द्या की."

हसतील त्यांचे दात दिसतील, एवढी समज तिला होती. हसण्याचं दुःख नव्हतंच. तिच्या काळजात धस्स झालं ते वेगळ्याच भीतीनं. दोन तालुके हसतायत म्हणजे ह्या शिव्या खोट्या आहेत, लाडाच्या आहेत, हे सगळ्यांना कळलं. मग सटवाईला कळायचं राहिलं असेल का? मेथी तशीच टाकून ती घरी आली.

संध्याकाळी मल्हार मान खाली घालून उभा राहिला. "चुकलो गं आई. गंमत म्हणून केलतं." खरी भीती काय, ते त्याला सांगायची सोय नव्हती. रात्र तिनं कूस बदलत काढली.

सकाळी तिनं त्याला हलवून उठवलं. चहा पुढं ठेवला. तोंडातून शब्द नाही. "आई, दोन शिव्या घाल, पर बोल," मल्हार काकुळतीला आला. तिनं तोंड उघडलं. जीभ उचलेना. ती उष्टी झालेली शिवी पोराला कशी द्यायची? तो गाडीवर बसला, किक मारली, आणि इतक्या वर्षांचं आतलं दाबलेलं एकदम बाहेर आलं. "सावकाश जा, बाळा."

मल्हार बघतच राहिला. त्याचे डोळे भरले, तोंडभर हसू आलं. "व्हय आई," म्हणाला आणि खुशीत निघाला.

आणि मग अनसाबाईला भान आलं, आपण काय बोलून बसलो. ती अनवाणी रस्त्यावर धावली. "मुडद्या, थांब. मुडदा बशिवला तुझा. मसणात जाशील, थांब म्हनते ना." गाडीच्या आवाजात त्याला कुठलं ऐकू जातंय? तो वळणाआड गेला.

वस्तीसमोरच्या जीप स्टँडवरच्या पोरांनी मात्र ऐकलं. "आरं, ती बघा, चालू झाली," म्हणत त्यांनी खिशातून मोबाईल काढले आणि तिच्यापुढं धरले. डोक्यावरचा पदर पडला होता, डोळ्यांना धार लागली होती. पोरं भरून घेत होती, हसत होती, आणि अनसाबाई तोंडाला येतील तेवढ्या सगळ्या शिव्या रिकाम्या रस्त्याकडं बघून देत राहिली.