अकरा वाजून वीस मिनिटांनी

मुलगी जन्मली सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आणि तिची नि तिच्या आईची पहिली भेट झाली दुपारी सव्वातीनला. मधल्या चार तासांत आई कुठे होती, हे आईलाच ठाऊक नव्हतं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. कळा पहाटे सुरू झाल्या, नवऱ्यानं गाडी बोलावली, दोघं हसतखेळत दवाखान्यात पोचली. अकराच्या सुमाराला बाळाचे ठोके एकाएकी मंदावले. डॉक्टरीणबाई यंत्रावरच्या रेघेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही. सिझर करू या. आत्ताच." पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करण्याइतकीही सवड नव्हती. पूर्ण भूल द्यावी लागली. तोंडावर मास्क आला, वर मोठा गोल दिवा होता, कुणीतरी म्हणालं, "दहापासून उलटे आकडे म्हणा." दहा, नऊ… आठ म्हटला की नाही, तिला आठवत नाही.

ती गोदीत क्रेन चालवायची. सात-आठ मजले उंच काचेच्या खोलीत बसून जहाजातले कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकवर अलगद टेकवायचे, हे तिचं नऊ वर्षांचं काम. भुलीतही ती तिथेच गेली. खाली दूधच दूध असावं तसं धुकं पसरलं होतं. जहाज दिसत नव्हतं, माणसं दिसत नव्हती. तिनं क्रेनचा आकडा खाली सोडला तो उतरतच गेला, उतरतच गेला, आणि कुठेतरी काहीतरी अडकलं. ती उचलू लागली. वजनाचा काटा शून्यावरच होता, पण दोर ताणलेला होता. काय असेल, काय असेल, म्हणत ती ते वर घेत होती, तेवढ्यात कुणीतरी तिच्या गालावर थापट्या मारायला लागलं.

"ताई, डोळे उघडा. मुलगी झाली हं."

तिच्या मनात आलं, कुणाला?

आठव्या दिवशी ती घरी आली. नवराही गोदीतच, मालाच्या कोठारात होता. त्याची रजा संपली. तो सकाळी सातला निघायचा, परत यायला दिवेलागण. तिच्या आईचा हात प्लास्टरमध्ये, शिवाय गाव दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणून मग सासरे राहायला आले; बाळ झालं त्या दिवशी ते दवाखान्यात येऊन गेले होतेच. एक पिशवी, एक छत्री आणि स्वतःची उशी घेऊन.

सासरे म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे शिक्षक. चौतीस वर्षं मैदानावर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी हळूच मीठ मागितलं तरी शेजारचा दचकावा. शाळेत त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाच्या चार वर्षांत सासऱ्यांचं नि तिचं सगळं बोलणं एकत्र केलं असतं, तरी अर्धा तास भरला नसता. आणि आता दिवसभर घरात ती दोघं आणि एक मुटकुळं. मुटकुळं हे नाव नवऱ्यानं ठेवलं होतं, दुपट्यात गुंडाळलेली लेक बघून.

पहिल्याच सकाळी मास्तरांनी तिला पलंगावरून उठायला शिकवलं.

"सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर. गुडघे जवळ. पाय खाली सोड. आता हाताच्या कोपरावर जोर दे. पोटाला काही करायला सांगू नकोस, पोट रजेवर आहे."

ती हसली आणि लगेच कळवळली. "बाबा, हसवू नका हो. टाके ओढले जातात."

"बरं. उद्यापासून गंभीर," ते म्हणाले आणि उशी पुढे केली. "खोकला आला, शिंक आली, हसू आलं, ही पोटाशी धरायची."

पलंगापासून खिडकीपर्यंत बारा पावलं होती. तिची पावलं म्हणजे बारा, त्यांची सहा. रोज सकाळी ते पुढे चालायचे, हात मागे बांधून, आणि ती पोटाशी उशी धरून मागून सरकायची. खिडकीशी पोचलं की ते म्हणत, "विश्राम." तिथे खुर्ची मांडलेली असायची.

अवघड होतं ते अंगावर पाजणं. टाके दुखायचे म्हणून बाळाला काखेखाली उशीवर आडवं धरावं लागायचं, आणि ते एकटीला जमायचं नाही. पहिल्या दिवशी मास्तर बाळ देऊन घाईघाईनं निघाले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. खोलीत एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. बाळ तिच्या हाती द्यायचं, गर्रकन वळायचं, खुर्चीत बसायचं आणि भिंतीकडे बघत वर्तमानपत्र वाचायचं. काही लागलं तर तिनं सांगायचं, मग ते मागे हात लांबवून पाण्याचा ग्लास द्यायचे. अशा त्यांच्या पाठमोऱ्या गप्पा सुरू झाल्या. समोरासमोर जे चार वर्षांत जमलं नव्हतं, ते पाठीशी बोलताना जमायला लागलं.

दुपारी घर तरंगायला लागायचं. पडदा आत फुगायचा, बाहेर जायचा, जणू खोलीच श्वास घेत होती. गोळ्यांची गुंगी असायची. झोप आणि जाग यांच्यामधलं दार कुणी लावायला विसरलं होतं. तिला वाटायचं, आपण अजून वर काचेच्या खोलीत आहोत आणि हे सगळं, पलंग, दुपटी, भिंतीशी बसलेले सासरे, खूप खाली आहे, मुंगीएवढं. बाळ रडलं की आवाजही खालून यायचा. मग ती उतरून यायची, पाजायची, पाठ थोपटून ढेकर काढायची, लंगोट बदलायची. काही चुकायचं नाही. ड्युटीवर आल्यासारखी ती सगळं काम चोख करायची. पान्हाही पाचव्या दिवशी दवाखान्यातच फुटला होता. पण बाळाच्या चेहऱ्याकडे बघितलं की तिला वाटायचं, हिची आई येईल आता, आणि म्हणेल, बरं झालं सांभाळलंत, आता द्या.

हे ती कुणाला सांगणार? नवरा आल्या आल्या हात धुऊन मुटकुळ्याला उचलायचा आणि म्हणायचा, "नाक बघ, तुझंच आहे." ती म्हणायची, "हो का?" तिला फक्त एक नाक दिसायचं.

बाराव्या दिवशी मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा ना."

"तू तिला 'तुमची नात' म्हणतेस. नवऱ्याशी बोलताना 'तुझी लेक' म्हणतेस. तुझी कोण, ते कधी म्हणत नाहीस."

बाळ चुटूचुटू पीत होतं. मग ती म्हणाली, "बाबा, मी नव्हतेच तिथे. सगळ्या जणी सांगतात, पहिलं रडणं ऐकलं नि काय वाटलं. मला झोपवलं आणि उठवून हातात दिली. दुसरं कुठलं बाळ दिलं असतं, तरी मी घेतलंच असतं."

वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. मास्तरांच्या मानेवरची पांढरी लव तेवढी तिला दिसत होती. "हं," ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी दुपारी लंगोट संपले. मास्तर म्हणाले, "कोपऱ्यावर जाऊन येतो, दहा मिनिटं." बाळ वेताच्या टोपलीत झोपलं होतं. खिडकीशी ऊन यायचं म्हणून टोपली त्यांनी तिथे जमिनीवर चटईवर ठेवली होती. ते गेले आणि पाचच मिनिटांत बाळ उठलं.

आधी कुरकुर झाली, मग रडं, आणि मग ते असलं फुटलं की बाळाला श्वास परत घ्यायची आठवण राहीना. चेहरा लाल, मग जांभळट. ती कुशीवर वळली, गुडघे जवळ, पाय खाली, सगळं नियमानं. बारा पावलं तिनं उशी न घेता टाकली. पण टोपली जमिनीवर, आणि वाकणं तर मुळीच शक्य नव्हतं. वाकली की पोटात कुणीतरी गरम तार ओढत होतं. पन्नास-पन्नास टन हलवणारी बाई आणि तीन किलो उचलता येईना! खुर्चीचा पाय धरून ती आधी एका गुडघ्यावर आली, मग दुसऱ्या, मग कुशीवर कलंडून चटईवरच आडवी झाली. आता परत उठता येणार नाही, हे तिला कळलं होतं. तिनं हात टोपलीत घातला. बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. आत पाखरू फडफडत होतं.

"सावकाश," ती म्हणाली. "सावकाश गं बाई. सावकाश. आलंच आता. टेकलंच. थोडं डावीकडे… सावकाश."

क्रेनवर बसल्यावर ती कंटेनरशी असंच बोलायची. खालचे लोक वायरलेसवर ऐकून हसायचे. सवयच लागली होती, तोंडातून आपोआप यायचं.

बाळ गप्प झालं. हुंदका नाही, कुरकुर नाही. एकदम. मग टोपलीच्या बुटक्या कडेवरून त्यानं मान वळवली, जेमतेम बोटभर, आणि दोन काळे डोळे तिच्याकडे लागले. ऊन दोघींच्या मधे पडलं होतं. त्यात धुळीचे कण वर-खाली होत होते, आणि ते कणसुद्धा जरा थांबल्यासारखे वाटले.

दार उघडं होतं. लंगोटांचं पुडकं घेऊन मास्तर तिथे उभे होते. सून जमिनीवर आडवी पडलेली बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते हलले नाहीत.

"पडलीस?"

"नाही. झोपले."

"रक्त वगैरे?"

"नाही हो. बाबा, ती गप्प झाली."

"होणारच," मास्तर म्हणाले. आवाज विचित्र झाला होता, मैदानावरचा नव्हता. "त्या दिवशीही अशीच झाली होती."

"कुठल्या दिवशी?"

ते येऊन चटईवर बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे. या वेळी भिंतीकडे वळले नाहीत.

"तुझ्या नवऱ्याला रक्ताची बाटली आणायला पाठवलं होतं. मी एकटाच होतो बाहेर. नर्सनं पावणेबाराला हिला माझ्या हातात आणून दिली. म्हणाली, तपासणी झाली, दोन मिनिटं धरा. ही रडतेय. अशी रडतेय की मला वाटलं, काहीतरी तुटेल हिचं. मी झुलवलं. 'एक-दोन, एक-दोन' केलं. शाळेचं गाणं म्हटलं. शेवटी माझेच डोळे भरून आले. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मग ते दार उघडलं आणि तुला बाहेर आणलं, चाकांच्या खाटेवर. चेहरा पांढराफटक. डोळे मिटलेले. आणि तू बोलत होतीस."

"मी?"

"'सावकाश. सावकाश गं बाई. आलंच आता.' हेच. अगदी हेच. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. खाट माझ्याजवळून गेली आणि ही गप्प झाली. बटण बंद केल्यासारखी. मान वळवून तुझ्या बाजूला बघायला लागली. खाट गेली त्या बोळाकडे बघतच राहिली. मी इतकी वर्षं मुलांना 'इकडे बघ' म्हणून ओरडलो, पण असं कुणी बघितलेलं मला आठवत नाही."

ती छताकडे बघत होती. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत उतरत होतं, ते पुसायलाही तिला सुचलं नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. आपण काय बोललो ते माणसाला माहीत नसतं का?" त्यांनी लंगोटांचं पुडकं बाजूला ठेवलं. "आणि परवा तू जे म्हणालीस, त्यानंतर दोन दिवस जुळवत होतो, कसं सांगावं. मला नीट बोलता येत नाही गं. ओरडता येतं."

सातव्या महिन्यापर्यंत ती क्रेनवर जात होती. म्हणजे पोटात असतानाच पोरीनं रोज आठ-आठ तास हेच ऐकलं होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला नर्सच्या चपलांचा आवाज आला, बोळातला पंखा आला, बाळाच्या मुठीतून सुटलेला दुपट्याचा दोरा आला. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा तिघंही चटईवरच होती. एक झोपलेलं, एक घोरत असलेले, आणि ती टक्क जागी. तिला उठवायला बाप-लेक दोघं लागले.

त्या दिवसानंतर सगळं जादूनं बदललं, असं झालं नाही. टाके ओढतच होते, दुपारी घर तरंगतच होतं. कधी कधी पुन्हा वाटायचं की हिची आई यायची आहे. पण आता त्या विचाराबरोबर एक चाकांची खाट यायची, मिटल्या डोळ्यांची एक बाई यायची, आणि ती बाई कोण, हे तिला ओळखू यायचं.

महिना उलटून गेल्यावर हवा गार झाली. डॉक्टरीणबाईंनी जखम बघून खाली उतरायची परवानगी दिली. मास्तर दोन दिवसांनी परत जाणार होते. त्यांनी नातीला छातीशी बांधून घेतलं, आणि ती दोघं हळूहळू चालत कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात गेली. गल्ली तिला फार रुंद वाटली, माणसं फार भरभर चालतात असं वाटलं.

"टोपी हवी होती," ती म्हणाली.

दुकानदारीण चष्म्यावरून बघत म्हणाली, "बाळ दाखवा, माप घेते."

"झोपलंय. उठवू नका," मास्तर कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं ऐकून दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली.

"मग माप कसं कळायचं?"

तिनं दोन्ही तळवे वर उचलले आणि हवेतच एक गोल धरला. बोटं आपोआप वाकली, एक अंगठा थोडा खाली आला, जिथे डोक्याचा मागचा भाग जरा चपटा होता तिथे. दुकानदारिणीनं एक पिवळी टोपी तिच्या हातांवर चढवली. ढिली झाली. मग दुसरी, करडी. ती नेमकी बसली.

"हीच," ती म्हणाली. "माझ्या मुलीचं डोकं एवढंच आहे."

मास्तरांनी पैसे काढायला खिशात हात घातला, आणि बाळानं झोपेतच एक मोठी जांभई दिली.