सोललेल्या तोंडाचा तंटा

पुरुष नळावर पाणी भरताना दिसला की बायका त्याचं कौतुक करतात, असा कोणाचा समज असेल तर त्यानं आमच्या गावात येऊन पाहावं. भोजराज पाण्याची गुंडी घेऊन नळावर आला तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो अंगणात भांडी घासताना दिसला. झालं! यानं घरात काहीतरी भयंकर केलं आहे, यावर सगळ्या गावाचं एकमत झालं.

मी जागेश्वर, गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष. तिरोड्याजवळचं आमचं गाव लहान. भांडणं बांधाची नाहीतर कोंबड्यांची, आणि हल्ली तीही होत नाहीत. खोटं कशाला सांगू, मला करमत नव्हतं.

बातमी माझ्या घरातूनच आली. भोजराजची बायको अन्नपूर्णा बाहेर दिसत नव्हती, म्हणून आमच्या सौ. सुशिलाबाई विरजण मागायच्या निमित्तानं तिच्याकडे गेल्या. दार ढकलून आत डोकावल्या आणि वाटी तिथंच टाकून धावत परत आल्या.

"अजी, तोंड भाजलं तिचं! काळंठिक्कर पडलं, कातडं निघून राहिलं. मले पाहून पदर घेतलन अन् भिंतीकडे वळली."

"कशानं भाजलं?"

"ते तुम्ही त्याले विचारा. अध्यक्ष कायले झाले मंग?"

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बाईचं तोंड भाजलं असेल तर गावानं विचारलंच पाहिजे. पण भोजराज? मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस ट्यूबला दुखू नये अशा बेतानं पंक्चर काढतो. साठीला टेकला तरी डोक्यात पांढरा केस नाही, गालावर सुरकुती नाही. सावलीत बसून काम करणाऱ्याचं नशीब, दुसरं काय.

सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर सगळे जमले. बायका जास्त, पुरुष कमी. मी घसा खाकरला.

"भोजराज, वहिनीचं तोंड कशानं भाजलं?"

तो हातावरचं ग्रीस पुसत राहिला.

"बोल गा. काऊन बोलत नाही?"

"माह्याच हातून झालं, भाऊ," तो शेवटी म्हणाला. "गरम पेज सांडली."

माणसाला खोटं बोलता येत नसेल तर त्यानं बोलू नये. पेज सांडली तर पायावर सांडते, दोन्ही गालांवर मोजून सारखी सांडत नाही. बायकांचा एकच गलका झाला. सुशिलाबाई ओरडल्या, "ठाण्यात फोन लावा! अन् तिच्या भावालेबी बोलवा, चुन्नीलालले."

मी मोबाईल काढला. फोन गेला की भोजराजचं नाव कायमचं खराब होणार, हे त्यालाही कळत होतं. तरी तो पेजेवरच अडून राहिला.

तेवढ्यात गल्लीतून एक काळी छत्री येताना दिसली. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ, आणि छत्रीखाली डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळलेली अन्नपूर्णा.

"फोन ठेवा, भाऊजी. यायनं काही नाही केलं." तिनं दुपट्टा सोडला. भाजलेल्या शेंगदाण्याची सालं निघतात तशी गालांवरची साल निघत होती आणि खालून कोवळं गुलाबी कातडं दिसत होतं. "मीच सोलून आणलं. गोंदियाच्या स्किनच्या डॉक्टरकडून."

"सोलून?" माझ्या हातून मोबाईल पडता पडता वाचला.

"पील म्हणतात त्याले. औषध लावते, वरची साल निघते, खालून नवी येते. वांग जाते म्हणे. उन्हात निघायचं नाही, हात लावायचा नाही. अन् कोणाले सांगाल तर पहा, म्हणून मी यायले पोरीची शपथ घातली होती."

"कायले पण व?" सुशिलाबाई म्हणाल्या. "आपल्या वयात?"

अन्नपूर्णानं छत्री मिटली. "दिवाळीनंतर आम्ही बसनं गोंदियाले जात होतो. कंडक्टर यायले म्हणते, मायचं आधार कार्ड दाखवा, पंच्याहत्तरच्या वर असन तर तिकीट नाही लागत. माय! मी यायची माय!"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही.

"कंडक्टरचं मले काही नाही. जलमभर मी उन्हात धान रोवला, हे सावलीत चाक फिरवत बसले. तोंड तर असं होणारच. पण हे गप्प बसले, भाऊजी. बायको आहे, एवढं म्हणायले जीभ झडली होती का?"

सगळ्यांनी भोजराजकडे पाहिलं.

"मले लाज वाटली," तो म्हणाला.

"माही?"

"नाही व. माही. तुले उन्हात पाठवलं अन् मी सावलीत बसलो, हे त्यानं भर बसमध्ये सांगितल्यासारखं झालं."

अशा वेळी अध्यक्षानं काय बोलायचं असतं, ते कोणी शिकवत नाही. "तंटा मिटला, घरी जा," एवढंच मी म्हणालो. सुशिलाबाईंनी डोळे पुसले आणि पदर खाली यायच्या आत विचारलं, "डॉक्टर मंगळवारी बसते का व?"

अन्नपूर्णाचं तोंड निवळलं. वांग बरंच फिकं झालं. सुरकुत्या मात्र होत्या तिथंच राहिल्या. त्यांना सुई टोचावी लागते म्हणे, आणि सुईला तिनं लांबूनच हात जोडले.

पुढं एका मंगळवारी ती डॉक्टरला तोंड दाखवायला गोंदियाला निघाली. सोबत भोजराज, आणि सुशिलाबाई "नुसतं विचारायले" म्हणून, त्यांच्यामागं मी. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर नेमका तोच. तो अजून ड्रायव्हरच्या पाठीशी तिकिटं फाडत होता, तर भोजराज मागून उभा राहून ओरडला:

"एक पूर्ण, एक अर्धं! पूर्ण माह्यं, अर्धं माह्या बायकोचं! ते खिडकीजवळ बसली ना दुपट्टा बांधून, ते! बायको आहे माही!"

सगळी बस वळून पाहू लागली. कंडक्टर गोंधळला. "अरे काका, मैंने कुछ पूछा क्या?"

"मागच्या खेपेले पुसलं होतं गा," भोजराज म्हणाला. "तवा सांगायचं राहून गेलं."

अन्नपूर्णानं दुपट्टा खाली ओढला आणि हसली. डोळ्यांच्या कडेला, गालांवर, कपाळावर, होत्या नव्हत्या तेवढ्या सुरकुत्या गोळा झाल्या. तिनं त्या लपवल्या नाहीत. सुशिलाबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "शिका जरा."