दहा हजार फुटांखाली

विमान कंपनीत सगळे त्याला पाहुणा म्हणत, आणि त्याला वाटे की कौतुकानं म्हणतात. कोणाला काय वाटावं यावर कोणाचा इलाज नसतो. स्वतः कॅप्टन होता, चांगलं दीडदोनशे माणसांचं विमान उडवायचा, पण ते उडवायचं दुसऱ्या शहरातून. घर एकीकडे, बेस दुसरीकडे, आणि मध्ये तासा-सव्वातासाचं आकाश. ड्यूटी तुम्हाला जिथून दिली तिथे वेळेवर हजर व्हा, कसे येता ते तुमचं तुम्ही बघा, असं कंपनीचं साधं म्हणणं. विमानात जागा असली तर फुकट बसायचं. नसली तर कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, ती मागायची. ती खुर्ची त्या फेरीच्या कॅप्टनच्या मर्जीवर. नाही म्हणाला तर नाही.

आणि त्याच्या गावच्या फेऱ्या बहुतेक वेळा कोण उडवायचं, तर त्याचा मेहुणा. बायकोचा सख्खा मोठा भाऊ.

घरी तो दादा. विमानाच्या दारात मात्र पाहुण्यानं टोपी काढून म्हणायचं, "कॅप्टन, परवानगी असेल तर सोबत येऊ?" मेहुणा मान वर करून त्याच्याकडे असं बघायचा की जणू हा चेहरा जन्मात पाहिला नाही. मग ओळखपत्र मागायचा. पुढून वाचायचा, मागून वाचायचा, फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. ज्या माणसानं स्वतःच्या बहिणीच्या लग्नात याचा कान पिळला होता, तो! मागच्या हवाई सुंदऱ्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. मग मेहुणा म्हणायचा, "या पाहुणे, बसा," आणि पाहुणा गुडघे हनुवटीला लावून त्या घडीच्या खुर्चीत स्वतःची घडी करायचा.

सहा वर्षं हे चाललं होतं. बेसजवळ एका फ्लॅटमध्ये त्याच्यासारख्याच वैमानिकांनी मिळून पलंग घेतले होते, खोली नव्हे, पलंग. एकावर एक, पडदे लावलेले, खालच्याचं घोरणं वरच्याला आणि वरच्याचं कूस बदलणं खालच्याला. फ्रीजमधल्या उकडलेल्या अंड्यांवर पेनानं नावं लिहिलेली. त्या फ्लॅटमध्ये पाहुणा अभिमानानं सांगायचा, की मी घरी गेलो की दार उघडताक्षणी बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला, 'परत कधी?' अजून चपला काढल्या नाहीत तोच माझ्या जाण्याची धास्ती घेते बिचारी. ऐकणारे पडद्याआडून हुं म्हणायचे. त्यांतल्या दोघांचे घटस्फोट झालेले होते, ते हुं सुद्धा म्हणायचे नाहीत.

त्याच्या बदलीचं सगळं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं. गावच्या बेसवर कॅप्टनच्या जागा मोजक्या, आणि एकजण उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. पुढचा नंबर पाहुण्याचा होता. आणि उठण्याच्या सगळ्यात जवळ कोण होतं, तर मेहुणाच. त्याची पाठ धरायची. त्यामुळे पाहुणा दर फेरीला तब्येतीची चौकशी करायचा. "दादा, पाठ कशी आहे?" मेहुणा बरी आहे म्हणाला की याचं तोंड उतरायचं, आणि जरा कण्हला की हा डॉक्टरांची नावं सुचवायचा, तीही अशांची, की जे ऐकल्याबरोबर नोकरी सोडा म्हणतात. आपल्या काळजीचा वास दुसऱ्याला येत नाही, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

शेवटी मेहुण्यानं मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. पाहुण्याला बातमी कळली तेव्हा तो वरच्या पलंगावर इतक्या जोरात उठून बसला की छताला डोकं आपटलं. बायकोला त्यानं एवढ्यात सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. पलंग त्यानं एका नव्या वैमानिकाला देऊन टाकला, किटली दुसऱ्याला दिली, अंड्यांवरचा हक्क सोडला, आणि त्या दुपारी उरलेलं सामान बॅगेत भरून विमानतळावर आला. उशी काही बॅगेत मावेना. ती काखेत मारली.

विमान गच्च होतं. मेहुण्यानं ओळखपत्र नेहमीसारखं उलटसुलट वाचलं, मग उशीकडे बघितलं. "उशी पण आणलीत?" म्हणाला. पाहुणा नुसता हसला. मेहुणाही हसला आणि बसा म्हणाला.

उजवीकडे सहवैमानिक होता, त्याला सगळे मुनी म्हणत. कॉकपिटमध्ये कडक नियम असतो, की दहा हजार फुटांच्या खाली असताना कामाखेरीज एक अक्षर बोलायचं नाही. चढताना नाही, उतरताना नाही, विमान जागेवर लागून इंजिनं बंद होईपर्यंत नाही. मुनी हा नियम वरच्या उंचीवरही पाळायचा. वर पोचल्यावर म्हणून मग मेहुणा-पाहुण्याच्याच गप्पा झाल्या. पाहुणा उशी मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या तोंडाला खळ नव्हता. आता लेकीच्या अभ्यासाकडे लक्ष देणार म्हणाला. बायकोचं आर्किटेक्टचं टेबल बेडरूममध्ये, नेमकं पलंगाच्या त्याच्या बाजूला मांडलेलं असायचं, कारण तिथे उजेड चांगला. हा यायचा त्या दिवशी ते ओढत बाहेर न्यायचं, हा गेला की परत आत. फरशीवर ओरखडे उठले होते. आता त्या टेबलाची कायमची सोय बाहेर करून देतो म्हणाला. बिचारीची ओढाताण थांबेल.

मेहुणा ऐकत होता. विमान उतरायला लागलं, आकडे खाली खाली येऊ लागले, तरी ऐकत होता. पाहुण्यानं शेवटी न राहवून विचारलं, की दादा, तुमचा शेवटचा दिवस कधीचा धरलाय?

मेहुण्यानं उंचीचा आकडा बघितला. अकरा हजारांना थोडं कमी होतं. त्यानं मान अर्धवट वळवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कॉकपिटमध्ये त्याला अरेतुरे केलं.

"अर्ज मागे घेतला मी. परवाच. तुझ्या बायकोनंच सांगितलं. म्हणाली, दादा, पाठीला पट्टा बांध पण अजून दोन-चार वर्षं काढ. त्याला तिकडेच राहू दे. चार दिवस तो येतो तेवढं मी हसून निभावते, रोजचं नाही जमायचं."

"दहा हजार," मुनी म्हणाला.

मेहुणा समोर वळला.

पाहुण्याचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मुनीनं मागे न बघता फक्त तळहात वर केला, जसा नियम मोडू पाहणाऱ्याला करतात. आणि पाहुणा गप्प बसला, कारण तो चांगला वैमानिक होता. खोटं आहे म्हणायचं होतं. ती असं म्हणणं शक्यच नाही, तुम्ही लग्नापासून मला पाण्यात बघता, तुमच्या पाठीचा मणका मोडो, असं पुष्कळ म्हणायचं होतं. समोर चाकं बाहेर आली, आकडे वाचले गेले, उत्तरं दिली गेली. मेहुण्याचा आवाज लोण्यासारखा. पाहुणा पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेला, मांडीवर उशी, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मागच्या खेपेला तिनं 'परत कधी?' विचारलं तेव्हा आपण 'उद्या' म्हणालो आणि ती लगेच भाजी चिरताना गुणगुणायला लागली. तेव्हा ते त्याला आवडलं होतं.

विमान इतकं अलगद टेकलं की मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. इंजिनं थांबली. आता बोलायला परवानगी होती. पाहुण्यानं पट्टे सोडले, उठला, आणि त्याच्या तोंडून सहा वर्षांच्या सवयीनं तेच निघालं जे घडीच्या खुर्चीवाल्यानं निघताना म्हणायचं असतं.

"आभार, कॅप्टन."

"पुढच्या आठवड्यात बिनधास्त ये," मेहुणा सही करता करता म्हणाला. "ही खुर्ची तुझीच आहे."

घरापर्यंत येताना त्यानं मेहुण्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की थोडं बरं वाटायला लागलं. खोटारडा आहे तो. आयुष्यभर आपली थट्टाच केली त्यानं, ही आणखी एक. दार वाजवेपर्यंत त्याची जवळजवळ खात्री पटली होती.

बायकोनं दार उघडलं. तिच्या मागे बेडरूममधून टेबल बाहेर आलेलं दिसत होतं, नकाशे गुंडाळून वर ठेवलेले.

"आलास? परत कधी?"

इथे त्यानं नुसतं सोमवार म्हटलं असतं तर अजून काही वर्षं सुखात गेली असती. पण मेहुण्याला खोटं पाडायची त्याला घाई झाली होती. तो म्हणाला, "परत नाही. बदली झाली. कायमचा आलो."

कंपनीत नव्या वैमानिकांना शिकवताना तो त्यांचे चेहरे बघायचा. धोक्याचा दिवा लागला आणि हात हलला, या दोहोंच्या मधे चेहऱ्यावर जे येतं तेच खरं, बाकीचं सगळं शिकवलेलं, असं तो त्यांना सांगायचा. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग उशीकडे. मग वळून टेबलाकडे. मग ती हसली, छान हसली, आणि अरे वा म्हणाली.

"चेष्टा केली," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी जायचंय."

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि मोकळं हसली. किती दिवसांत ती इतकी मनापासून हसली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"किती घाबरवलंस रे मला," ती म्हणाली.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, की मग ही उशी कशाला आणलीस?

"धुवायला," तो म्हणाला.

"बरं केलंस," म्हणत तिनं ती त्याच्या काखेतून घेतली आणि मशीनकडे गेली. सोमवारपर्यंत वाळेल, असं तिनं आतूनच सांगितलं.