चाकं काढण्याचा मान

आमच्या वोल्हिन्या प्रांतात पाहुणा निरोप मागू लागला की यजमान गळ्यात पडून रडत बसत नाही. नोकराला डोळ्यानं खुणावतो आणि पाहुण्याच्या बग्गीची चाकं काढून लपवतो. पाहुणा वरवर चिडतो, आतून अभिमानानं फुगतो आणि आणखी आठवडाभर भाजलेला हंस खातो. ज्याची चाकं जागेवर राहिली, त्यानं आपलं काय ते समजावं.

ओनुफ्रीसाहेबांच्या घरी मी दूरचा भाऊबंद म्हणून जेवतो, तेव्हा त्यांची नाडी मला ठाऊक आहे. त्यांना विधवा पेट्रोनेलाबाईंशी लग्न करायचं होतं, पण मागणी घालायला जीभ रेटत नव्हती. त्या शरदात बाई बहिणीच्या जहागिरीवरून आपल्या जहागिरीकडे जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे उतरल्या. त्याच संध्याकाळी गेदेऑनसाहेब उगवले. मिशांना मेण लावणाऱ्या या गृहस्थांची पुढची वाट बाईंचीच होती.

जेवताना बाई त्यांच्या विनोदावर हसल्या आणि ओनुफ्रींनी हातातला घास ताटात टाकला.

"उद्या दोघांच्या गाड्या एकाच जंगलातून जाणार," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "तो मेला तिला रस्ताभर हसवणार."

"मग आजच मागणी घाला की."

"आधी त्याचा बंदोबस्त!"

सकाळी गेदेऑनची बग्गी अंगणात ओंडक्यांवर बसलेली.

"भाऊसाहेब!" गेदेऑननं ओनुफ्रींना कडकडून मिठी मारली. "इतकं प्रेम? मला बापड्याला पत्ताच नव्हता!"

"तुम्हाला सोडवतच नाही हो," ओनुफ्री दात दाखवत म्हणाले.

पायरीवर पेट्रोनेलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या गाडीची चारही चाकं जागेवर होती, शिवाय धुऊन चकचकीत केलेली.

"माझी नाही वाटतं काढली?"

"छे छे, बाईसाहेब! तुमचा कशाला खोळंबा? तुम्ही खुशाल निघा!"

मी डोळेच मिटले.

"निघते तर," बाई म्हणाल्या. "वाट वाकडी केली तेच चुकलं माझं. गेदेऑनसाहेब, तुमची गाडी तर बसली. माझ्या गाडीत जागा आहे."

गेदेऑन टुणकन चढला. तेव्हा कुठे ओनुफ्रींच्या डोक्यात उजेड पडला. ते चिखलातून गाडीमागे धावत सुटले. "अहो, थांबा! तुमचीही काढतो! आत्ता काढतो!"

"मागितल्यावर मिळालेला मान भिकाऱ्याला वाढा!" बाईंनी पडदा ओढून घेतला.

गाडी वळणावर गेली आणि आतून बाईंचं खळखळतं हसू ऐकू आलं.

ओनुफ्रींनी माझा दंड धरला. "काय म्हणाला असेल रे तो?"