एक सोडून एक

“शिडी नीट धर रे,” मी पोस्टमनला म्हटलं. “आज चोर पकडतोच.”

बिचाऱ्याची आई वादळात गेली, परवाच तिला पोचवून आलो. तरी मी हाक मारल्यावर आला.

वादळाने बेटावर काही शिल्लक ठेवलं नव्हतं. होड्या झाडांत अडकल्या, विहिरींत खारं पाणी शिरलं, छपरं उडाली. माझे बारा पत्रे गेले. आणि वहिनीच्या घरावर बघावं तर पत्रा न् पत्रा जागच्या जागी! वादळ काय हिला विचारून आलं होतं? वादळात आम्ही शाळेत आसरा घेतला होता, ही मात्र घरीच राहिली; वारा पडल्यावर आम्हाला घरी यायला अर्धा दिवस लागला. तेवढ्यात हिने कुणाला तरी हाताशी धरून हात मारला असणार. आता सहा घरची माणसं तिच्याकडे निजत होती, त्यांत माझी बायकोही. माझ्याच पत्र्यांखाली आम्हाला झोपवून वर उपकार!

“भाऊजी, आधी चहा घ्या,” वहिनी दारातून म्हणाली. “पत्रे काही पळून जात नाहीत.”

“पळून आलेत का, तेच बघतोय.”

ती हसली. मनात पाप असलं की माणूस असंच हसतं, मला वाटलं.

तीस वर्षं या बेटावरची छपरं मीच ठोकतोय. एका घरचा पत्रा दुसऱ्या घरावर चढवला की जुनी भोकं उघडी पडतात, ती डांबराने बुजवावी लागतात. मला ते डांबर हवं होतं.

वर चढलो, पालथा पडून एकेक पत्रा चाचपला. डांबराचा ठिपकाही नाही. खिळे मात्र पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर, खाली रबरी वायसर. दादाच्या हातचे. हे काम मला त्यानेच शिकवलं. पुढे मी एक सोडून एक खिळा मारायला लागलो, निम्म्या वेळात छप्पर व्हायचं. “दादा भित्रा झालाय,” असं गावभर सांगत सुटलो. त्यावरूनच आमचं फाटलं, ते तो जाईपर्यंत.

पोस्टमनचं छप्पर मी गेल्याच वर्षी ठोकलं होतं. ते उडालं, उघडी भिंत आत कोसळली, आणि घर सोडायला तयार नसलेली म्हातारी तिच्याखाली सापडली.

“मिस्त्री, मिळालं का डांबर?” त्याने खालून विचारलं. अंगणात सगळे माना वर करून उभे होते.

हो म्हणून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पत्र्यांच्या बाबतीत लोकांनी वहिनीचं नाही, माझंच ऐकलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “दादाचेच पत्रे आहेत.”

“मग एवढंच छप्पर कसं राहिलं?”

“खिळे. दादाने एकही उंचवटा सोडला नाही.”

“आणि आमच्यावर?”

“एक सोडून एक.”

खाली उतरायचा धीर होईना. वाकून पाहिलं, तर पोस्टमनने मान खाली घातली होती. शिडी त्याने अजून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.